शेवटच्या पाटाचा खुलासा

भिसेगाव, कर्जत
९ एप्रिल १९६८

वडीलधारे मेहुणे रा. रा. कोंडाजीराव, मुक्काम वावोशी, यांना भिसेगावच्या हिरामणचा दोन्ही हात जोडून आणि मान खाली घालून नमस्कार.

इकडे आम्ही दोघं बापलेक खुशाल आहोत. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (उजवा असेल तर उजवा कसा आहे? त्या दिवशी तुम्ही आमच्या घरातून इतक्या तडफेनं निघालात की पाठमोरं बघताना दुखरा कुठला आणि धड कुठला ते मला कळेना. तसं पाहिलं तर ही आनंदाचीच गोष्ट.) धोंडूवहिनींचा खोकला अडुळशानं हटला का? तांबडीला कालवड झाल्याचं एसटीच्या कंडक्टरकडून कळलं, ऐकून फार बरं वाटलं. हे पत्र लांबणार आहे. ते तुम्ही शेवटच्या शब्दापर्यंत वाचावं एवढीच आधीची विनंती. दाराशी उभं राहून बोलणाऱ्याच्या तोंडावर दार लावता येतं, पत्राच्या तोंडावर लावता येत नाही. (फाडता येतं. पण पाठकोरा कागद तुम्ही कधी फाडत नाही, त्यात तपकिरीची पुडी बांधता, हे मला ठाऊक असल्यामुळे मी मुद्दाम एकाच बाजूला लिहितो आहे.)

आपल्या इंदूच्या सुपारीच्या दिवशी मी तुम्हाला नवऱ्या मुलाच्या शेजारच्या मानाच्या पाटावरून हाताला धरून उठवलं आणि पंगतीच्या पार शेवटी, उंबऱ्यापाशी, चपलांच्या शेजारी नेऊन बसवलं. हे घडलं. चाळीस पानांची पंगत त्याला साक्ष आहे. का घडलं हे सांगायचं तर मला खालापूरच्या शाळेपासून सुरुवात करावी लागते, त्याला माझा इलाज नाही.

आठवतं ना, चौथीत आपण एकाच बस्करावर बसायचो? तेव्हा तुम्ही नुसते कोंड्या होतात. (भागूशी माझं लग्न लागलं त्या दिवसापासून कोंडाजीराव. पण कवितेचं पुस्तक मनात उघडलं की अजून कोंड्याच दिसतो, टोपी मागे सारलेला.) मेंढपाळाची एक कविता होती. 'गेली मेंढरे डोंगरामागे, राहिला पावा झाडाखाली.' मास्तर म्हणायचे, अन्वय लावा. म्हणजे कवीनं विस्कटलेले शब्द पुन्हा आपापल्या जागी नेऊन बसवा. तुम्ही टक्कन हात वर करायचात: मेंढरे डोंगरामागे गेली, पावा झाडाखाली राहिला. मास्तर शाबास म्हणायचे. आणि मला मात्र रडू यायचं. कारण अन्वय लावला की मेंढरं खरोखरच निघून जायची, आणि त्यांच्या मागोमाग कविताही. शब्द तेच, सगळेच्या सगळे हजर, फक्त जागा बदलल्या. मग एवढं गेलं काय? या गोष्टीचं मला तेव्हापासून नवल वाटतं. बावन्न वर्षं झाली, अजून ते ओसरलं नाही.

पुढे मी रेल्वेत लागलो आणि अठ्ठावीस वर्षं कर्जतच्या यार्डात डबे जोडले. तुम्हाला वाटे, दाजींनी कविता सोडली. सोडली नव्हती. पुण्याची गाडी कर्जतला आली की घाट चढायला मागून आणखी इंजिनं लावायची, ती जोडायचं काम माझ्याकडे. आम्ही त्यांना बँकर म्हणतो. मागून बँकर लागला, त्यानं पहिला रेटा दिला की सगळ्या गाडीतून एक थरथर पुढपर्यंत जाते. ती थरथर हाताखाली लागली की मला दर वेळी वाटायचं, आपलं बोलणंही असंच असतं. सगळे शब्द येऊन रुळावर नुसते उभे असतात, आणि शेवटचा येऊन लागला की गाडी हलते. पण हे सांगणार कुणाला? यार्डात सांगितलं असतं तर मला रजेवर पाठवलं असतं.

आता इंदूच्या सोयरिकीकडे येतो. (येतोच आहे.) पळसदरीचा मोरू सांगून आला, तेव्हा मुलगा काम कसा करतो ते त्याच्या नकळत बघावं म्हणून मी माघ महिन्यात साजगावला त्याच्या कारखान्यात गेलो. नकळत काही राहिलं नाही. गेटवरच्या माणसानंच आरोळी ठोकली, "मोऱ्या, तुजा सासरा तुला बगाया आलाय रं!" मोरू तिथे फिटर आहे. त्याच्यावर रामलिंगम नावाचे मद्रासकडचे फोरमन, आणि सगळ्यांच्या वर नवं मशीन उभं करायला आलेले जर्मन साहेब, हार्टमान. मुलाचं काम चांगलंच असणार, कारण मी ते पाहिलंच नाही. मी त्या दोघांचं बोलणं ऐकत राहिलो. जेवणाच्या सुट्टीत रामलिंगमांनी डबा उघडला, आत पांढराशुभ्र भात होता, आणि मला एकाएकी तुमची बहीण आठवली.

इंदू तीन वर्षांची असताना तिनं अन्न टाकलं होतं, तो पावसाळा तुम्हाला माझ्याइतकाच आठवत असेल. दर चौथ्या दिवशी तुम्ही वावोशीहून चिखल तुडवत यायचात, पंच्यात खारका बांधून. मी ड्यूटीवरून आलो की भागू दारातच उभी. "पोरीनं..." म्हणायची आणि माझी टोपी घेऊन खुंटीला लावायची. "आज..." म्हणायची आणि पायांवर पाणी ओतायची. "भात..." आणि मग माझ्या तोंडाकडे बघायची. त्या 'भात'च्या पुढच्या जागेत मी किती वेळा म्हातारा झालो असेन ते मोजता यायचं नाही. 'खाल्ला' असं ऐकलं तरी लगेच जीव खाली पडायचा नाही, कारण आपल्याकडे 'नाय' त्याच्याही मागून येऊ शकतो. एके दिवशी ती 'खाल्ला' म्हणाली आणि गप्प राहिली. मी वाट बघतोय, वाट बघतोय, मागून काहीच येईना. तेव्हा ती हसली. तुम्ही ओटीवर बसला होतात, तुम्ही पंच्यानं डोळे पुसलेत. (तपकीर गेली म्हणालात.)

तर मी रामलिंगमांना माझ्या यार्डातल्या हिंदीत विचारलं, 'लडकी ने भात खाया', हे तुमच्यात कसं म्हणतात? ते म्हणाले, "पोण्णु सोरु साप्पिट्टा." एकेक शब्द सुटा करून मागितला. पोण्णु म्हणजे पोरगी, सोरु म्हणजे भात, साप्पिट्टा म्हणजे खाल्ला. कोंडाजीराव, एक शब्द आपला नाही, आणि बसायची जागा मात्र प्रत्येकाची आपलीच! परक्या मुलखात अनोळखी घरात पाऊल टाकावं आणि चूल, माठ, उखळ सगळं आपल्या घरच्या जागी मांडलेलं असावं, तसं झालं मला. म्हणजे तिकडेही कुणी बाई दारात उभी राहून नवऱ्याला शेवटच्या शब्दासाठी तिष्ठत ठेवत असणार. तिकडेही कुणी बाप 'सोरु'च्या पुढे श्वास धरून उभा राहिला असणार. रामलिंगमांना मी हे सांगितलं, तर ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "बरोबर है बाबा, मेरा अम्मा भी ऐसाइच करता था."

मग मला राहवेना. इंग्रजी थोडी मलाही येते. 'द गर्ल एट राइस.' इथे इंजिन, म्हणजे खाणं, पोरीच्या पाठीलाच लागलेलं आणि भात मागून ओढत आणलेला. विलायतेची बाई सांगून मोकळी, नवऱ्याला टोपी काढायचीसुद्धा उसंत नाही. सोयीचं आहे, घाट नसलेल्या मुलखात चालत असेल. पण हार्टमान साहेबांना विचारलं तेव्हा मी उभाच राहिलो. ते म्हणाले, "दास मेडशेन हाट राइस गेगेसन." रामलिंगमांनी फोड करून सांगितली: पोरगी, आहे, भात, खाल्लेली. अर्धं काम दुसऱ्या जागेवर आणि उरलेलं अर्धं पार शेवटी. एक इंजिन पुढे, एक मागे! अठ्ठावीस वर्षं मी याच हातांनी जे घाटात केलं, ते हे लोक आपल्या घरात बसून रोज जेवणाच्या गप्पांत करत होते. कुठला तो मुलूख, त्यांनी कधी खंडाळ्याचा चढ बघितला होता? साहेबांना मी यार्डातला सलाम ठोकला. त्यांना कशाबद्दल ते कळलं नाही, पण त्यांनीही उलट ठोकला.

परत आल्यावर भिसेगावच्या आमच्या कासमभाई ड्रायव्हरना गाठलं. (बँकरवर असायचे ते. लहानपणी अरबी शिकलेले.) त्यांनी डोळे मिटून सांगितलं, "अकलतिल बिंतुल अरुज्ज." खाल्ला, पोरीनं, भात. इंजिन अगदी पुढे! 'खाल्ला पोरीने भात.' ऐकताक्षणी मला चौथीचा वर्ग दिसला. 'गेली मेंढरे डोंगरामागे!' आपल्या कवीनं जे कवितेपुरतं केलं ते तिकडे माणसं सहज बोलताना करतात. मी कासमभाईंना म्हटलं, तुमचे मास्तर अन्वय लावायला सांगत नव्हते? ते म्हणाले, "कशाला रं, आमचा पहिल्यापासून लागलेला हाय."

कोंडाजीराव, त्या आठवड्यात मला नीट जेवण गेलं नाही. एवढ्या मोठ्या पृथ्वीवर एवढी माणसं, आणि जो तो पोरगी, भात आणि खाणं या तिघांना आपापल्या पाटावर बसवतो आहे. कुठे खाणं पहिलं, कुठे मधे, कुठे शेवटी, आणि तरी सगळीकडे पोरगी शेवटी जेवलेलीच! बाप सगळीकडे सुटकेचा श्वास टाकतोच. हे कुणी ठरवलं असेल? एकमेकांना न विचारता कसं जमलं असेल? इंदू म्हणाली, "बाबा, लग्न माझं ठरलंय आन् हुरळलाय तुमी."

आता सुपारीचा दिवस. मोरूनं कारखान्यातून रामलिंगमांना आणि साहेबांना बोलावलं होतं. पाट मांडून झाले, पत्रावळी पडल्या, आणि मी बघतो तो काय, माणसं ओळीनं बसलेली, जणू पाटीवर लिहिलेलं वाक्य. माझ्या डोक्यात ते असं लखकन चमकलं की मी सासरा आहे, यजमान आहे, हे सगळं विसरलो. मोरू पहिल्या पाटावर होता, तो बरोबर होता, सगळं त्याच्यापासून सुरू. शेजारी तुम्ही. आणि तिथेच मला चूक दिसली. सगळ्यात मोठा मान ज्याचा, ज्याच्या येण्यावर सगळं हलणार, तो दुसऱ्या जागेवर? ती जागा साहेबांच्या भाषेत मानाची, आपल्यात नाही! आपल्यात मान शेवटच्या पाटाचा. म्हणून मी तुम्हाला उठवलं, शेवटी बसवलं, तुमच्या शेजारी रामलिंगमांना (त्यांच्याकडेही शेवटालाच मान, त्यांना किती आनंद झाला होता ते तुम्ही बघितलंत), आणि तुमच्या जागी हार्टमान साहेबांना. त्यांना मांडी घालता येईना, गुडघे कानाला लागले होते. खुलासा मी ताक वाढल्यावर, सगळी पंगत तृप्त झाली की, उभा राहून करणार होतो. असा खुलासा, की तुमची छाती भरून आली असती.

ताकाची वेळ आलीच नाही. वाढपी वरण घेऊन तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी शेजारच्या लडकूचा कुत्रा उंबऱ्यातून तुमच्या पत्रावळीचा वास घेऊन गेला. तुम्ही एकदा कुत्र्याकडे बघितलंत, एकदा चपलांकडे, एकदा आपल्या पाटावर बसलेल्या साहेबाकडे. पाण्याचा हात पानावर फिरवलात आणि उठलात. तुमचे शब्द मला पाठ आहेत, कवितेसारखे: "दाजी, मामाला चपलांपाशी बसवता व्हय? मंग लग्नात पोरीच्या पाठीशी चपलाच उभ्या करा!" आणि निघालात. मोरूची आजी अंबाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बया, मामाच गेला! आता पोरीच्या मागं कोन ऱ्हानार?" इंदू वाढत होती. तिनं हातातली वरणाची कासांडी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मामा मागं नसंल तर मी पाटावर उभी ऱ्हायची नाय." तेवढंच. मग पुन्हा कासांडी उचलून वाढू लागली. तिचं 'नाय' म्हणजे काय असतं ते आपण दोघांनी त्या पावसाळ्यात पाहिलं आहे.

दुसऱ्याच दिवशी मी एसटीनं वावोशीला आलो. तुम्ही दारात उभे होतात. वाटेत बसमध्ये मी वाक्य नीट जुळवलं होतं, त्यात तुमचा मान, भागूची आठवण, माझी चूक, सगळं ओळीनं होतं आणि 'क्षमा करा' शेवटी. मी सुरुवात केली, "कोंडाजीराव, काल तुम्हाला तिथे बसवलं ते मी मुद्दाम, पूर्ण विचार करून, चारचौघांच्या देखत..." आणि दार लागलं. मी उरलेलं दाराला सांगितलं. आतून धोंडूवहिनींचा आवाज आला, "अवो, भायेर कोनतरी रडतंय जनू," आणि तुमचा, "तपकीर गेली आसंल." त्यावरून मला आशा वाटली. म्हणून हे पत्र.

खरं सांगतो, तुम्ही मला चुकीचा ठरवलंत त्यात तुमचं काही चुकलं नाही. मी बोलण्यातल्या जागा बघितल्या आणि जेवायच्या पंगतीतल्या विसरलो. माणूस म्हणजे शब्द नव्हे, की उचलला आणि दुसरीकडे ठेवला. माझ्या शेवटच्या पाटाच्या मोठेपणापायी मी तुम्हाला उपाशी उठवलं, हे मला भागूनं कधीच माफ केलं नसतं. पण एवढं ऐका. मंगलाष्टकं होतात तेव्हा भटजी समोर, अंतरपाट समोर, नवरा समोर. सगळ्या मांडवाचे डोळे समोर. मामा मागे. त्याला कुणी बघत नाही. घाटात बँकरलाही कुणी बघत नाही; पाटी पुढच्या इंजिनाला, हार पुढच्या इंजिनाला, खिडकीतून हात हलवणारी माणसंसुद्धा पुढे बघून हलवतात. मागच्या इंजिनाला हार घातलेला मी अठ्ठावीस वर्षांत पाहिला नाही. पण त्या गाडीतली ताकद कुठून आली हे जोडणाऱ्याला माहीत असतं. मी जोडणारा आहे. इंदू तिसऱ्या वर्षी जगली ती खारकांनी जगली, हे मला माहीत आहे. ते मला तुम्हाला सगळ्यांसमोर सांगायचं होतं, आणि मला ते एका पाटानं सांगता येईल असं वाटलं. माझा मूर्खपणा.

तुमच्या शिव्या ऐकायला तयार असलेला, आणि त्या कुठल्याही क्रमानं आल्या तरी चालतील असा,
हिरामण

ता. क. धोंडूवहिनी, हे पत्र आधी तुमच्या हाती पडलं तर फक्त खारकांचा भाग त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. बाकी त्यांनी आपणहून वाचावं.

आणखी ता. क. कोंडाजीराव, मांडवात तुमचा पाट मोरूच्या शेजारी, पहिल्या ओळीत, तुळशीकडे तोंड करून. मी त्याला हात लावणार नाही असं इंदूनं माझ्याकडून लिहून घेतलं आहे. मात्र हार्टमान साहेबही येणार आहेत, आणि त्यांचे गुडघे अजून तसेच आहेत. तुमच्या ओटीवरची ती बुटकी घडवंची येताना बैलगाडीत टाकून आणता आली तर फार बरं होईल. (कुठे ठेवायची ते तुम्हीच सांगा. मी काही सुचवत नाही.)

आणखी एक, इंदूच्या हातचं:

मामा, बाबांनी एवढी पानं लिहिली आन् लग्नाची तारीख लिहिलीच नाय. बारा मे, रविवार, सकाळी साडेनऊचा मुहूर्त, भिसेगावात. मामीला बी घेऊन या. पाटावर उभं ऱ्हायलं की नवरीनं मागं वळून बगायचं नसतं म्हणतात. तुमी आलाव का नाय ते मला कसं कळनार? पाठीवर नुसता हात ठेवा.